बेळगावातली चोरी, अंधार आणि पोलीस : नेमकं कुणाकडे जायचं, काय लिहून घ्यायचं?

टिळकवाडीकर
मंडळी, हा धागा मुद्दाम काढतोय. दिवाळीच्या सुट्टीत निम्मी गल्ली गावाला जाते. मग डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरतं आणि बंदोबस्ताला ठाण्यांतली माणसं तिकडे लागतात. कुलूपबंद घरं आणि कमी गस्त, दोन्ही एकाच हंगामात येतं. दरवर्षी कट्ट्यावर तेच बोलणं होतं आणि "पोलीस काही करत नाहीत" इथं येऊन थांबतं. यंदा तिथं थांबायचं नाही. ज्याला जे पक्कं माहीत आहे त्याने ते इथं लिहावं, कलम, आकडा, क्रमांकासकट.

माझा प्रस्ताव असा : घरटी वर्गणी काढून गल्लीच्या दोन्ही तोंडांना कॅमेरे बसवायचे. भाग्यनगर, अनगोळ, वडगाव, शहापूर, सगळीकडे करता येईल. बोला.

कोर्ट_कंपौंड
कॅमेरे जरूर बसवा, पण पहिलं काम ते नव्हे. केस बिघडते ती ठाण्यात पहिल्या तासाभरात, कागद कुठला हातात पडतो त्यावर.

एफआयआर म्हणजे गुन्हा नोंद, तपास सुरू. अदखलपात्र नोंद, म्हणजे एनसी, झाली तर कोर्टाच्या परवानगीशिवाय तपास नाही. तिसरा कागद म्हणजे अर्ज घेऊन दिलेलं एन्डॉर्समेंट, कानडीत हिंबरह. बरेच लोक शिक्का बघून हिंबरहालाच एफआयआर समजतात आणि घरी जातात. एफआयआरवर गुन्हा क्रमांक, वर्ष आणि कलमं असतात. ती दिसली नाहीत तर तो एफआयआर नव्हे.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. साधी चोरी कलम ३०३(२). इथं एक खाच आहे. मालाची किंमत पाच हजारांच्या खाली असेल तर ती चोरी अदखलपात्र धरली आहे. म्हणून जुन्या मोबाइलची किंमत "चार हजार असेल" असं तोंडातून गेलं की एफआयआरची वाट अवघड होते. खरेदीचं बिल दाखवा, खरी किंमत सांगा, फुगवू नका.

मोबाइल बसमध्ये गेला असेल तर "बसमध्ये गेला" असंच लिहा. घरातून किंवा प्रवासी वाहनातून झालेली चोरी कलम ३०५ मध्ये येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत. "सीबीटी बसस्टँडवर कुठंतरी पडला असेल" असं लिहिलंत तर ती हरवल्याची नोंद होते आणि शोध तिथंच संपतो. गळ्यातली साखळी हिसकावणं आता वेगळा गुन्हा आहे, कलम ३०४, दखलपात्र आणि अजामीनपात्र. पूर्वी तो साध्या चोरीत किंवा जबरी चोरीत बसवायचे.

वडगावची_ताई
कोर्ट_कंपौंड, कलमं ठीक आहेत. पण माणूस घाबरलेला असतो, समोरचा कानडीत बोलतो, लिहितो कानडीत, आणि आपण न वाचता खाली सही करतो. त्यावर बोला की ओ.

कोर्ट_कंपौंड
ताई, बरोबर मुद्दा काढलात. गाऱ्हाण्याचा अर्ज देशात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देण्याचा हक्क संविधानाच्या कलम ३५० मध्ये आहे. म्हणजे मराठीत लिहिलेली फिर्याद "ही भाषा चालत नाही" म्हणून परत करता येत नाही. मात्र उत्तर मराठीतच मिळेल असं त्या कलमात नाही, आणि एफआयआरचा नमुना कानडीतच भरला जाणार.

तोंडी सांगितलेली फिर्याद लिहून झाल्यावर वाचून दाखवणं नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटला कसा चालवायचा त्या नव्या कायद्याच्या) कलम १७३ नुसार बंधनकारक आहे, आणि प्रत फुकट द्यायची आहे. वाचून घेताना पाच गोष्टी तपासा : घटनेची वेळ, जागा, मालाचं वर्णन, किंमत, आणि "अनोळखी" की "संशयित". वेळ चुकली तर पुढे कॅमेऱ्याचं फुटेज जुळत नाही. किंमत चुकली तर वर सांगितलेला घोळ होतो.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र कलम ३५० वर मराठीत चालेल असं धरू नका. त्या कायद्यात इंग्रजी, हिंदी किंवा तिथली राजभाषा एवढंच आहे. शिवाय कर्नाटकाच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. मराठीत पानभर लिहून पाठवलेले अर्ज याच कारणाने परत येतात.

शहापूर_पेठ
मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. कलम ३५० ठाण्याच्या टेबलावर आपटून काम होत नाही, वाद होतो. त्या वादात तास जातो आणि चोर तोवर कोगनोळीच्या पुढे, महाराष्ट्रात. गल्लीत कानडी लिहिता-वाचता येणारी दोन माणसं ठरवून ठेवा. फिर्याद मराठीत, त्याला जोडून कानडी भाषांतर, दोन्हींवर फिर्यादीची सही, दोन्हींच्या दोन-दोन प्रती. एकीवर पोच घ्यायची. हक्क आपलाच आहे, पण रात्री अकरा वाजता सोय जास्त उपयोगी पडते.

वडगावची_ताई
सोय म्हणून भाषांतर जोडू, अट म्हणून नाही. हा फरक आपणच पुसला तर पुढच्या म्हातारीला "आधी कानडी करून आण" म्हणून परत धाडतील.

शहापूर_पेठ
मान्य. मराठी प्रत मूळ, कानडी प्रत जोड. अर्जावर तसंच लिहायचं.

कोर्ट_कंपौंड
आणि घेतलीच नाही तर? ठाणेदाराशी हुज्जत नको. तीच फिर्याद लेखी स्वरूपात, पोस्टाने वर पाठवा. त्याच संहितेत शब्द पोलीस अधीक्षक आहे, कलम १७३(४). बेळगाव शहरासाठी २०१४ पासून पोलीस आयुक्तालय आहे, तेव्हा शहरात आयुक्तांकडे पाठवायची. खानापूर, निपाणी, चिकोडी भाग मात्र जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे. काकती, मारिहाळ, हिरेबागेवाडी ही ठाणी खेड्यातली वाटली तरी आयुक्तालयातच येतात, तिथं लोक हमखास चुकतात. त्यानंतरही काही झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलंय. नव्या संहितेत तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यांत वरिष्ठांच्या परवानगीने प्राथमिक चौकशीची मुभा आहे, पण तीही १४ दिवसांत संपवायची. "चौकशी चालू आहे" हे उत्तर महिनाभर चालत नाही. नव्वद दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं हेही आता कायद्यात आहे, कलम १९३(३). तारखेची नोंद ठेवा आणि ९१व्या दिवशी लेखी विचारा.

उद्यमबाग_फिटर
आता कॅमेऱ्यांकडे या. वर्गणी काढून बसवलेले निम्मे कॅमेरे वेळेला उपयोगी पडत नाहीत. त्याची कारणं ठरलेली आहेत, एकेक सांगतो.

उंची. सगळे म्हणतात उंच लावा, चोर तोडेल. १५ फुटांवर लावलात की हेल्मेट आणि टोपी दिसते, चेहरा नाही. चेहऱ्यासाठी ९ ते १० फूट. तोडण्याची भीती असेल तर त्याच्याकडे बघणारा दुसरा कॅमेरा समोरच्या भिंतीवर.

लेन्स. ४ मेगापिक्सेलला चित्राची रुंदी २५६० ठिपके. माणूस नक्की ओळखायला मीटरमागे साधारण २५० ठिपके लागतात. म्हणजे चित्रात १० मीटर रुंदीच मावली पाहिजे. ४ मिमी लेन्सला ती रुंदी जेमतेम ६ मीटर अंतरावर मिळते. त्यापुढचा माणूस "कोणीतरी गेला" एवढाच दिसणार. एकाच कॅमेऱ्यात अख्खी गल्ली बघायची हौस इथं फसते.

नंबर प्लेट. चेहऱ्याचा कॅमेरा रात्री प्लेट वाचत नाही, हेडलाइटने सगळं पांढरं होतं. प्लेटसाठी वेगळा कॅमेरा, ८ ते १२ मिमी लेन्स, शटर १/५०० वर बांधून टाकायचं, गाडीच्या रेषेपासून कोन ३० अंशांच्या आत. चित्र काळंकुट्ट दिसेल, घाबरू नका. प्लेट परावर्तक असते, तेवढीच उठून दिसते. तेवढंच हवंय. गल्लीच्या तोंडाला, जिथं गाडीला वळणासाठी वेग कमी करावाच लागतो, तिथं लावा.

साठवण. एच.२६५ या चित्र दाबण्याच्या पद्धतीला कॅमेऱ्यामागे २ एमबीपीएस धरलं तर दिवसाला २१.६ जीबी, तीस दिवसांना ६४८ जीबी. चार कॅमेऱ्यांना २.६ टीबी. म्हणजे ४ टीबीची सर्व्हेलन्सची हार्डडिस्क घ्या, कॉम्प्युटरची साधी नको. १ टीबी टाकून देणारे खूप आहेत. मग अकराव्या-बाराव्या दिवशी फुटेज पुसलं जातं, आणि सुट्टीवरून परतलेल्या माणसाला चोरी कळते तोवर हाती काही नसतं.

वायर. लॅन केबल १०० मीटरपर्यंतच. त्यापुढे मध्ये पीओई स्विच, म्हणजे त्याच केबलमधून वीजही देणारा. आपल्याकडचा पाऊस विसरू नका. जोड उघडे ठेवले तर आरजे-४५ ची टोकं एका पावसाळ्यात हिरवी पडतात. पाणी-धूळ आत न जाणारा आयपी-६६ चा डबा, केबल खालून आत, आणि आत शिरण्याआधी खाली एक वळसा, म्हणजे पाणी टपकून जातं. पावसाळ्यात कोळी इन्फ्रारेड दिव्यापुढे जाळं विणतात आणि रात्रीचं चित्र धुरकट होतं. पंधरा दिवसांनी लांब झाडूने पुसणं हे काम कुणा एकाच्या नावावर लिहून ठेवा. लाइट गेली की कॅमेरे बंद, तेव्हा रेकॉर्डर, स्विच आणि राऊटरला मिळून यूपीएस. स्विच विसरतात. मग रेकॉर्डर चालू आणि कॅमेरे बंद.

घड्याळ. सगळ्यात जास्त केसेस इथं अडकतात. रेकॉर्डरचं घड्याळ महिन्याला काही मिनिटं सरकतं. इंटरनेट असेल तर आपोआप वेळ जुळवणं चालू ठेवा. नसेल तर आठवड्याला मोबाइलशी ताडा. पण घटना घडून गेल्यावर वेळ चुकीची आहे असं कळलं तर ती लगेच दुरुस्त करू नका. किती मिनिटं मागे-पुढे आहे ते पोलिसांसमोर लिहून द्या, पंचनाम्यात येऊ द्या. आधीच बदललीत तर छेडछाड केल्याचा आरोप येतो.

टिळकवाडीकर
फिटर दादा, हे सोन्यासारखं आहे. फुटेज द्यायचं कसं? व्हॉट्सअॅपवर पाठवलं तर?

उद्यमबाग_फिटर
व्हॉट्सअॅप फक्त पोलिसांना लगेच दाखवायला. ते चित्र दाबतं, प्लेट वाचता येत नाही. पुरावा म्हणून रेकॉर्डरमधून मूळ स्वरूपातच पेनड्राइव्हवर काढा, सोबत प्लेअर घ्या, घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा अर्धा तासही घ्या. चोर रेकी करून गेलेला असतो, तो आधीच्या फुटेजमध्ये सापडतो.

कोर्ट_कंपौंड
त्याला जोड : साक्ष अधिनियम २०२३, कलम ६३(४) चं प्रमाणपत्र. त्यात भाग अ यंत्र सांभाळणाऱ्याने भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे पटवणारा आकडा) लिहायची. हे नसेल तर कोर्टात फुटेज उभं राहत नाही. म्हणून गल्लीचा रेकॉर्डर "सगळ्यांचा" नको, सांभाळणारा एक माणूस कागदावर ठरवा. आणि कॅमेरा कुणाच्या खिडकीत बघणार नाही एवढं बघा, नाहीतर गल्लीतच भांडण.

अजून एक. वर्गणी काढण्याआधी कर्नाटकाचा सार्वजनिक सुरक्षा कायदा, २०१७ बघा. जिथं एका वेळी १०० किंवा दिवसाला ५०० माणसं येतात अशा आस्थापनांनी स्वतः कॅमेरे लावून ३० दिवसांचं फुटेज ठेवायचं आहे. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी मंगल कार्यालय, शाळा, दवाखाना, मोठं दुकान असेल तर आधी त्यांना रस्त्याकडे एक कॅमेरा वळवायला सांगा. निम्मा खर्च तिथंच वाचतो.

हरी_मंदिर_रोड
मी मात्र कॅमेऱ्याच्या आधी दिवा म्हणेन. बायका-मुलींना क्लासवरून घरी येताना कॅमेरा उपयोगी नाही, उजेड उपयोगी आहे. कॅमेरा घडून गेलेलं दाखवतो.

दिव्याची तक्रार "आमच्याकडे अंधार आहे" अशी दिली तर ती पडून राहते. आधी काय बिघडलंय ते ओळखा. एकच दिवा बंद असेल तर फिटिंग किंवा त्यातला ड्रायव्हर गेलाय. दर तिसरा दिवा बंद असेल तर एक फेज गेलाय. अख्खी रांग बंद असेल तर टायमर, कॉन्टॅक्टर किंवा केबल. दिवसाही जळत असतील तरी टायमरच. दिवा लागतो पण खाली काळोख असेल तर झाडाची फांदी. हे एका ओळीत लिहिलं की कंत्राटदाराचा माणूस योग्य सामान घेऊन येतो, नाहीतर बघून परत जातो. खांबाचा क्रमांक, संध्याकाळी सातनंतरचा फोटो आणि जवळची खूण, एवढं द्या.

मग प्रश्न, दिवा कुणाचा? ५८ वार्डांत महानगरपालिका. कॅम्प भागात कॅन्टोन्मेंट बोर्ड, तिथं पालिकेला पत्र लिहून फायदा नाही. शहराला चिकटलेल्या ग्रामपंचायतींत पंचायत. रेल्वे गेटजवळ रेल्वेची हद्द, हायवेवर महामार्ग प्राधिकरण. खांब हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, असला तरी त्यावरचा दिवा पालिकेचा असू शकतो, म्हणून हेस्कॉमवाले हात वर करतात आणि ते खोटं बोलत नसतात. तार तुटली, ठिणग्या पडतायत, अख्ख्या भागात पुरवठाच नाही, तर मात्र थेट हेस्कॉमला १९१२.

दोन हद्दींच्या मधल्या पट्ट्यात सगळ्यात जास्त अंधार असतो. तिथं दोन्हीकडे एकाच मजकुराचा अर्ज द्या आणि प्रत्येकात "दुसऱ्या कार्यालयालाही प्रत दिली आहे" असं लिहा.

बाची_शिनोळी
सीमेवरच्या लोकांसाठी वेगळं लिहितो, कारण शहरवाल्यांना हे सुचत नाही.

११२ लावल्यावर कॉल कुठल्या राज्याच्या केंद्रात जाणार हे टॉवर ठरवतो. बाचीत उभे राहून फोनने शिनोळीकडचा टॉवर धरला तर महाराष्ट्राचं केंद्र उचलतं. निपाणी-कागल पट्ट्यातही तेच. पहिलं वाक्य हेच हवं : "मी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात, अमुक गावात आहे." नाहीतर गाडी पलीकडची निघते. कर्नाटकात कॉल लागला तरी उचलणारा बेंगळुरूत बसलेला असतो, त्याला "तिसरं गेट" म्हणून काही कळत नाही. शहराचं नाव, मग ठाण्याचं नाव, मग खूण, या क्रमाने सांगा. घटना क्रमांक मिळतो तो जपून ठेवा. पुढे "आम्हाला कळवलंच नाही" असं कुणी म्हणालं तर तोच पुरावा.

हद्दीचा वाद झाला तर झिरो एफआयआर. गुन्हा कुठंही घडलेला असो, समोरच्या ठाण्याने नोंदवून घ्यायचा आणि योग्य ठाण्याकडे पाठवायचा. नव्या संहितेत हे थेट कलमात आलंय. महाराष्ट्रातल्या चंदगडच्या माणसाची गाडी बेळगावात चोरीला गेली तर त्याने चंदगडलाही फिर्याद देता येते. पण माझा सल्ला, शक्य असेल तर बेळगावच्याच ठाण्यात द्या, कारण झिरो कागद इकडे पोहोचेपर्यंतचे दिवस वाया जातात आणि फुटेज पुसलं जातं. चालत्या एसटीत, कोल्हापूर ते बेळगाव प्रवासात चोरी झाली तर गाडी ज्या ज्या हद्दीतून गेली त्यातलं कुठलंही कोर्ट चालतं, कलम २०३. "निपाणीत झाली की संकेश्वरात ते आधी सांग" या प्रश्नाला हे उत्तर.

अनगोळ_नाका
गाडी चोरीचा विषय निघालाच आहे तर विम्याचं लिहितो. एफआयआरनंतर लगेच विमा कंपनीला लेखी कळवा आणि आरटीओला पत्र द्या, म्हणजे केए-२२ ची (बेळगाव नोंदणीची) ती गाडी परस्पर दुसऱ्याच्या नावावर जात नाही. दोन्ही किल्ल्या जपा. कंपनी दोन्ही मागते, एक नसेल तर किल्ली गाडीलाच होती असं म्हणून दावा अडवते. शेवटी लागतो तो तपास न लागल्याचा अहवाल. कर्नाटकात त्याला सी रिपोर्ट म्हणतात. बी रिपोर्ट म्हणजे तक्रार खोटी किंवा गैरसमजातून. एका अक्षराचा फरक, पण बी आला की विमा गेला. कोर्टाकडून नोटीस आली तर दुर्लक्ष करू नका, हरकत नोंदवायची संधी तीच.

कोनवाळ_गल्ली
मोबाइल गेल्यावर क्रम असा ठेवा. आधी सिम बंद आणि त्याच नंबरचं नवीन सिम, कारण बँकेचा ओटीपी त्यावर येतो. मग यूपीआय बंद. मग ठाण्यात फिर्याद. मग सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर फोनचा आयएमईआय क्रमांक टाकून फोन ब्लॉक. तिथं फिर्यादीची प्रत आणि बिल लागतं आणि ओटीपीसाठी चालू नंबर लागतो. आयएमईआय आत्ताच *#०६# दाबून लिहून ठेवा. फोन गेल्यावर तो फोनमध्येच असतो, खोका रद्दीत गेलेला असतो.

आणि ऑनलाइन पैसे गेले तर आधी ठाण्यात जाऊ नका, सायबर हेल्पलाइन १९३० लावा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून चौथ्यात काही तासांत फिरतात. मधल्या बँकेत ते गोठवता आले तरच परत मिळण्याची आशा. यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवूनच फोन करा. मग सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर पूर्ण तक्रार, आणि त्याची प्रत घेऊन सीईएन, म्हणजे सायबर गुन्ह्यांचं, ठाणं. शहराचं सीईएन वेगळं, जिल्ह्याचं वेगळं. बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे त्रयस्थाने परस्पर पैसे काढले असतील आणि तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही. स्वतः ओटीपी दिला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच. "डिजिटल अरेस्ट" नावाची गोष्ट कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर कुणी अटक करू शकत नाही, हे घरातल्या म्हाताऱ्यांना आजच सांगा.

कपिलतीर्थ
गुन्ह्याबरोबर राहणीमानाचंही बोलूया. रात्री दोनपर्यंत साउंड लावला की आजारी माणसाचं काय होतं? बिम्स दवाखान्याच्या आसपाससुद्धा.

झेंडा_चौक
कपिलतीर्थ, गणेशोत्सवावर बोट ठेवू नका. १९०५ पासूनची परंपरा आहे, लोकमान्यांनी सुरू केलेली. विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते हे बेळगावचं वैभव आहे. शिवजयंतीच्या चित्ररथांचंही तसंच.

कपिलतीर्थ
मिरवणुकीवर नाही, आवाजाच्या भिंतीवर बोलतोय. ढोल-ताशा, झांज, लेझीम लोकांना हवंय. नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, रात्र म्हणजे १० ते ६. दवाखाना, शाळा, कोर्टापासून १०० मीटर शांतता क्षेत्र, तिथं ५० आणि ४०. सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस, सणांसाठी, रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं. १२ च्या पुढे ध्वनिक्षेपकाला सूट नाही, आणि रात्रीच्या बंदीत वाद्यंही येतात. वाजवायला नाही म्हणत नाही, सूट असेल तोवर वाजवा, पुढे न वाजवता पहाटेपर्यंत चाला.

झेंडा_चौक
१२ नंतर साउंड आणि वाद्यं बंद, मिरवणूक चालू, हे मंडळांच्या बैठकीत मांडायला मी तयार आहे. पण तुम्हीही वर्षभर मंगल कार्यालयांच्या साउंडवर तेवढ्याच जोरात बोला. उत्सव अकरा दिवसांचा, वराती रोजच्या.

कपिलतीर्थ
बोलतो. तक्रार करायची रीत सांगतो, वरातीलाही तीच. मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त, किंवा रात्रीचा नियम मोडला, तर तक्रार देता येते. रात्री दहानंतरची तक्रार देताना डेसिबल मोजण्याची गरजच नाही, वेळच पुरे. मोबाइलच्या अॅपवरचा आकडा पुरावा धरत नाहीत, त्यावर वेळ घालवू नका. ११२ वर कळवा, घटना क्रमांक घ्या, मग लेखी.

टिळकवाडीकर
आता गस्तीचं. मला वाटतं माणसंच कमी आहेत, बाकी सगळं मलमपट्टी. नवीन ठाणी आणि जास्त गाड्या मागायला हव्यात.

शहापूर_पेठ
मागा, पण ते बेंगळुरूत ठरतं आणि वर्षं लागतात. हाताशी आहे ते वापरू. २०१७ पासून कर्नाटकात सुधारित बीट व्यवस्था आहे, ठाण्याची हद्द वाटून प्रत्येक पोलिसाला ठराविक भाग दिलेला असतो. २०२५ मध्ये "मने मनेगे पोलीस" म्हणून घरोघरी जाण्याचा कार्यक्रमही सुरू झाला. तुमच्या गल्लीचा बीट पोलीस कोण, हे ठाण्यात विचारा आणि नंबर पंच कमिटीच्या फलकावर लावा. ज्या भागात बीटवाला लोकांना नावाने ओळखतो तिथं अनोळखी माणूस उठून दिसतो. मी कॅमेऱ्यापेक्षा त्यावर जास्त विश्वास ठेवतो.

टिळकवाडीकर
पटतं, पण अधिवेशनाच्या दिवसांत तोच बीट पोलीस बंदोबस्ताला गेलेला असतो. म्हणून माणसं कमी आहेत हे मी सोडणार नाही. दोन्ही मागू.

सराफ_कट्टा
घरफोडीत दागिने गेले तर सापडल्यानंतरची वाट लिहितो. पोलिसांनी चोराकडून जप्त केलेल्या ढिगातून "हे माझं" म्हणायला वर्णन लागतं. "दोन तोळ्यांची साखळी" हजार घरांत असते. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना सहा अक्षर-अंकांच्या एचयूआयडीशिवाय विकता येत नाही. तो क्रमांक बिलावर आहे का बघा. जुन्या दागिन्यांना तो नसतो. त्यांचा पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, मागच्या बाजूचाही, आणि वजन ग्रॅममध्ये लिहा. डाग दिलेली जागा, बदललेला आकडा (हूक), अशा खुणा लिहा. माल जप्त झाला की न्यायदंडाधिकाऱ्यांकडे सुपुर्दनाम्यावर (मागितला तेव्हा हजर करू अशा लेखी हमीवर) परत मागता येतो. नव्या संहितेत कोर्टाने १४ दिवसांत मालाची यादी आणि फोटो करून पुढे ३० दिवसांत आदेश द्यायचा आहे, कलम ४९७. खटला संपेपर्यंत वाट बघायची नसते, हे कितीतरी घरांना माहीत नाही.

वडगावची_ताई
सुट्टीला जाताना ठाण्यात द्यायचा अर्ज मराठीत कुणीतरी टाका. साधा.

कोर्ट_कंपौंड
हा घ्या. कानडी भाषांतर शहापूर_पेठ जोडतील.

"मा. पोलीस निरीक्षक, ______ पोलीस ठाणे, बेळगाव. विषय : घर बंद राहणार असल्याबाबत. मी ______, राहणार ______ गल्ली, घर क्रमांक ____, दि. ____ पासून दि. ____ पर्यंत परगावी जात आहे. घराची किल्ली ______ यांच्याकडे आहे, त्यांचा फोन ______. घरात दिवा, मोलकरीण किंवा वाहन ठेवलेले आहे / नाही. समोरच्या ______ यांच्याकडे कॅमेरा आहे. रात्रीच्या गस्तीत लक्ष द्यावे आणि बीट पोलिसांना कळवावे, ही विनंती. मूळ अर्ज मराठीत, सोबत कानडी भाषांतर जोडले आहे. दि. ____, सही."

दोन प्रती काढा, दुसरीवर ठाण्याचा शिक्का आणि तारीख घ्या. हा अर्ज ठाण्यातच द्या, गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका.

शहापूर_पेठ
भाषांतर उद्या सकाळी टाकतो. ज्यांना हाताने लिहून हवंय त्यांनी संध्याकाळी सहा ते आठ कट्ट्यावर यावं.